रेडिएटर कुठे, पंप कुठे: डेस्कटॉपला लिक्विड कूलर बसवताना

लिक्विड कूलर काहीही थंड करत नाही. प्रोसेसरवर तयार झालेली उष्णता तिथून उचलायची, नळ्यांतून रेडिएटरपर्यंत न्यायची आणि फॅनने बाहेर फेकायची, एवढंच त्याचं काम. गाडीच्या बॉनेटखाली जे चालतं तेच. त्यामुळे मे महिन्यात चंद्रपुरात खोली ४० अंशांवर असेल, तर कितीही महागडा कूलर घ्या, आतलं लिक्विड चाळिशीच्या वरच राहणार. एसी लावला तर नळ्यांवर दव साचेल का, ही भीतीही याच कारणाने बिनबुडाची आहे. लिक्विड खोलीपेक्षा थंड होतच नाही, मग दव कुठून येणार?

म्हणून हा कूलर बसवताना पाण्यापेक्षा हवेचा विचार जास्त करावा लागतो. रेडिएटरला कुठली हवा मिळते, ती बाहेर कुठून जाते आणि लूपमध्ये, म्हणजे लिक्विड फिरतं त्या बंद वळशात, अडकलेला हवेचा बुडबुडा कुठे जाऊन थांबतो, या तीन गोष्टी जमल्या की बाकी सगळं स्क्रू पिळण्याचं काम आहे.

इथे मी कारखान्यातूनच भरून, सील होऊन येणाऱ्या कूलरबद्दल लिहितोय. बाजारात त्याला एआयओ (ऑल-इन-वन) म्हणतात. पंप, प्रोसेसरवर टेकणारी तांब्याची कोल्ड प्लेट, रबरी नळ्या, ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि फॅन असा हा एकसंध संच असतो. सुटे भाग आणून स्वतः पाणी भरायचा कस्टम लूप हे वेगळं प्रकरण आहे, त्याचं शेवटी थोडं.

घ्यायचाच आहे का?

एएमडीचा रायझन ५ ७६०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे आणि सॉकेटमधून (मदरबोर्डवरच्या त्याच्या जागेतून) जास्तीत जास्त ८८ वॉट ओढतो. त्याच्या बॉक्समध्ये कूलर येतो. आवाज नको असेल तर दोन-तीन हजारांचा टॉवर एअर कूलर लावा, विषय संपला. रायझन ७ ७८००एक्स३डीची गोष्टही फार वेगळी नाही. गेम खेळताना तो इतकी कमी वीज खातो की ३६० मिलिमीटरचा रेडिएटर लावणं हा निव्वळ हौसेचा भाग ठरतो. हौसेला माझी ना नाही, पण गरज म्हणून पैसे घालू नका.

खरा प्रश्न इंटेलच्या कोअर आय७-१४७००के किंवा रायझन ९ ७९५०एक्ससारख्या प्रोसेसरचा आहे. पहिला २५३ वॉटपर्यंत जातो, दुसरा २३० वॉटपर्यंत. व्हिडिओ एक्स्पोर्ट, रेंडरिंग, मोठं कोड कंपाइल करणं अशी तासन् तास चालणारी कामं असतील तर इथे एआयओ आपली किंमत वसूल करतो. पुढची कृती मी १४७००के आणि ३६० चा रेडिएटर धरून सांगतो. एएमडीसाठी जिथे फरक पडतो तिथे तो वेगळा लिहिला आहे.

विकत घेण्याआधी टेप काढा

‘३६०’ हा आकडा तीन १२० मिलिमीटर फॅनचा आहे, रेडिएटरच्या लांबीचा नाही. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून प्रत्यक्ष लांबी ३९० ते ४०० मिलिमीटर भरते. २४० चा रेडिएटर असाच २७५ च्या आसपास जातो. जाडी बहुतेक मॉडेलांत २७ मिलिमीटर, त्यावर २५ चा फॅन, म्हणजे एकूण ५२. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझरचा रेडिएटर ३८ मिलिमीटर जाड आहे, तिथे हा आकडा ६३ वर जातो.

कॅबिनेटच्या छताला रेडिएटर लावायचा असेल तर छत आणि मदरबोर्डची वरची कड यांतलं अंतर मोजा. कंपनीच्या पानावर ‘टॉपला ३६० बसतो’ असं लिहिलेलं असतं, पण उंच रॅम लावली की फॅन तिच्यावर आपटतो. व्हीआरएमचे, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांचे, हीटसिंकही हल्ली भलतेच उंच असतात. पुढच्या बाजूला लावणार असाल तर ग्राफिक्स कार्डच्या लांबीत ५२ मिलिमीटर मिळवून बघा.

सॉकेटही तपासा. १४७००के ज्यात बसतो त्या एलजीए १७०० ची भोकं ७८ मिलिमीटर अंतरावर आहेत, आधीच्या १२०० आणि ११५एक्सची ७५ वर. त्यानंतरचा एलजीए १८५१ मात्र १७०० चंच ब्रॅकेट घेतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ‘जुना स्टॉक, स्वस्तात’ म्हणून मिळणाऱ्या कूलरच्या बॉक्सवर १७०० चा उल्लेख नसेल तर ब्रॅकेट वेगळं मिळेल का ते पैसे देण्याआधी विचारा. जीएसटीचं बिल आणि बॉक्सवरचा सीरियल नंबर जपून ठेवा. चांगल्या कूलरला पाच-सहा वर्षांची वॉरंटी असते आणि ती कधीतरी लागतेच.

रेडिएटरची जागा

इथे घाई नको. सील केलेल्या लूपमध्येही थोडी हवा असते. शिवाय रबरी नळ्यांच्या भिंतीतून वर्षानुवर्षं अगदी थोडं थोडं लिक्विड उडून जातं आणि त्याची जागाही हवाच घेते. ही हवा लूपमधल्या सर्वांत उंच जागी जमा होते. ती जागा रेडिएटरची टाकी असेल तर काही बिघडत नाही. पण ती पंपाची असेल, तर पंप लिक्विडऐवजी हवा घुसळत बसतो: खळखळ आवाज, तापमानात चढउतार आणि शेवटी पंप जळणं.

नियम एकच: रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा.

छताला लावलेला रेडिएटर हा नियम आपोआप पाळतो. पुढच्या बाजूला उभा लावला तरी चालतो, फक्त त्याचं वरचं टोक प्रोसेसरच्या वर गेलेलं हवं. नळ्या पोहोचत असतील तर त्या खालच्या बाजूने येऊ द्या, म्हणजे हवा वरच्या टाकीत अडकून राहते आणि नळीच्या तोंडाशी येत नाही. नळ्या वर ठेवल्या तर कधीमधी गुळगुळ ऐकू येईल, पण पंपाला धोका नाही. कॅबिनेटच्या तळाशी रेडिएटर मात्र लावू नका. काचेच्या पेटीसारख्या कॅबिनेटमध्ये तळाला ती जागा दिलेली असते, दिसतेही छान. ती फॅनसाठी आहे असं समजा.

छत की पुढची बाजू? पुढे लावला तर रेडिएटरला खोलीतली ताजी हवा मिळते, प्रोसेसर काही अंशांनी थंड राहतो, पण तापलेली हवा आत येऊन ग्राफिक्स कार्डावर जाते. छताला लावला तर उलट: कार्डाने गरम केलेली हवा रेडिएटरमधून बाहेर पडते. ३०० वॉटचं कार्ड असलेल्या गेमिंग पीसीत मी डोळे झाकून छताला लावतो. दिवसभर फक्त प्रोसेसरवर रेंडर चालत असेल तर पुढची बाजू बरी.

जुना कूलर काढणं

पीसी बंद करा, एसएमपीएसचं (वीजपुरवठ्याच्या डब्याचं) बटण बंद करा, वायर काढा आणि मग पॉवरचं बटण एकदा दाबा, म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जातो. कॅबिनेटच्या धातूला हात लावा, अंगातली स्टॅटिक वीज उतरते.

जुना प्रोसेसर एएमडीच्या आधीच्या एएम४ सॉकेटचा असेल तर कूलर सरळ वर ओढू नका. त्या सॉकेटमध्ये प्रोसेसर फक्त पिनांवर धरलेला असतो, आणि वाळलेल्या पेस्टला (प्रोसेसर आणि कूलरमधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाला) चिकटून तो लॉक लावलेल्या सॉकेटमधून उपटून येतो. पिना वाकल्या की तासभर बारीक सुईने सरळ करत बसावं लागतं. आधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट मऊ करा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सुटा करा. नंतरच्या एएम५ आणि इंटेलमध्ये प्रोसेसर धातूच्या चौकटीत दाबलेला असतो, तिथे ही भीती नाही.

प्रोसेसरवरची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात ते मिळतं, पुण्यात तापकीर गल्लीत तर हमखास. ९० टक्क्यांच्या वरचं घ्या. कापूस नको, तंतू सुटतात. कॉफी फिल्टर किंवा चष्मा पुसायचं कापड वापरा.

बॅकप्लेट आणि खांब

इंटेलच्या बोर्डला कूलरच्या बॉक्समधली बॅकप्लेट मागून लावावी लागते. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला त्यासाठी मोठं भोक ठेवलेलं असतं, बोर्ड काढायची गरज सहसा पडत नाही. प्लेटच्या कोपऱ्यांतल्या सरकत्या खुंट्या १७०० च्या खुणेवर आणा. त्या ११५एक्सवर राहिल्या तर प्लेट बसणारच नाही, आणि जोर लावून बसवायचा मोह होतो.

एएमडीत उलट. तिथे बोर्डचीच मूळ बॅकप्लेट वापरायची, फक्त पुढचे दोन प्लास्टिकचे कंगोरे काढायचे. एएम४ वर ते काढताच मागची प्लेट सुटून खाली पडते, म्हणून एक हात मागे ठेवा. एएम५ वर ती सॉकेटलाच जोडलेली असते.

आता उभे खांब, म्हणजे स्टँडऑफ. बॉक्समध्ये त्यांचे दोन-तीन संच असतात आणि ते दिसायला जुळ्यासारखे. १७०० चा प्रोसेसर आधीच्या पिढीपेक्षा किंचित बुटका आहे. चुकीचे उंच खांब लावले तर स्क्रू पूर्ण बसल्यासारखे वाटतात आणि कोल्ड प्लेट प्रोसेसरवर धड दाबली जात नाही. पत्रकावरचं चित्र आणि पिशवीवरचं अक्षर जुळवून बघा.

फॅन, रेडिएटर आणि घातक स्क्रू

फॅन आधी रेडिएटरवर चढवा. हवेची दिशा ओळखायची खूण सोपी आहे: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. छताला लावताना फॅन रेडिएटरच्या खाली येतील आणि हवा वर फेकतील. (काही नव्या फॅनची पाती उलट्या दिशेची असतात, तिथे फॅनच्या कडेवरचा बाण बघा.) तिन्ही फॅनच्या वायरी मदरबोर्डच्या मागच्या बाजूला निघतील अशा एकाच अंगाला ठेवा.

बॉक्समध्ये दोन प्रकारचे स्क्रू असतात. लांब, साधारण ३० मिलिमीटरचे, फॅनमधून रेडिएटरमध्ये जातात. आखूड स्क्रू कॅबिनेटच्या पत्र्यातून थेट रेडिएटरमध्ये जातात. पत्र्याच्या बाजूने चुकून लांब स्क्रू पिळला तर तो रेडिएटरची पातळ पत्र्यांची पंखजाळी फाडून लिक्विडच्या चपट्या नळीत घुसू शकतो. मग गळती होते, आणि ती वॉरंटीत बसत नाही. दोन वाट्यांत वेगवेगळे काढून ठेवा.

रेडिएटर छताला नेण्याआधी मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली आठ पिनांची प्रोसेसर पॉवरची केबल लावून घ्या. रेडिएटर बसल्यावर तिथे बोट जात नाही. मग एका हाताने रेडिएटर धरून दुसऱ्या हाताने चारी कोपऱ्यांचे स्क्रू अर्धवट लावा, सगळे सापडले की एकेक घट्ट करा. दुसरा माणूस मिळाला तर उत्तम. पंप तोवर लोंबकळत ठेवू नका, ग्राफिक्स कार्ड काढून ठेवलं असेल त्या जागी मऊ कापडावर टेकवा.

पेस्ट आणि ब्लॉक

बऱ्याच कोल्ड प्लेटना कारखान्यातच पेस्ट लावलेली असते, ती चांगली असते. स्वतः लावणार असाल तर एएम५ ला मध्ये वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. १७०० चा प्रोसेसर लांबट आहे, त्याला फुलीच्या आकारात रेघा ओढा. पसरवत बसू नका, दाबाने ती पसरते.

आणि प्लेटवरची प्लास्टिकची फिल्म काढा. हे सांगायची गरज आहे का? आहे. ओळखीच्या एका एडिटरने दुकानातून जोडून आणलेला पीसी एक्स्पोर्ट सुरू करताच १०० अंशांवर जाऊन रेंगाळायचा. दुकानदार म्हणे, एवढा मोठा प्रोसेसर, तापणारच. ब्लॉक (पंप आणि कोल्ड प्लेटचा एकत्र तुकडा) उघडला तर पारदर्शक फिल्म जशीच्या तशी, ‘वापरण्यापूर्वी काढा’ हा इंग्रजी मजकूर पेस्टमधून आरपार वाचता येत होता. फिल्म काढली, पुसलं, नवी पेस्ट लावली, तेवढ्यावर पीसी ताळ्यावर आला.

ब्लॉक खांबांवर सरळ खाली टेकवा, टेकवल्यावर सरकवू नका. चारी स्क्रू आधी दोन-दोन वेढे, मग कर्णरेषेत: वरचा डावा, खालचा उजवा, वरचा उजवा, खालचा डावा. प्रत्येक वेळी थोडं थोडं. स्प्रिंगचे स्क्रू असतात, ते ठरावीक जागी आपोआप थांबतात. तिथे थांबा.

नळ्यांना सहज वळण द्या. कुठे चिमटा बसला असेल किंवा फॅनच्या पात्याला नळी घासत असेल तर ब्लॉक ९० अंशांत फिरवून बघा, बऱ्याच मॉडेलांत लोगो नंतर सरळ करता येतो.

वायरी

पंपाची वायर मदरबोर्डवरच्या ‘एआयओ पंप’ लिहिलेल्या पिनांना. रेडिएटरचे फॅन स्प्लिटरने एकत्र करून ‘सीपीयू फॅन’ला. अशा पिनांच्या एका जोडाची, म्हणजे हेडरची, क्षमता साधारण १ अँपिअर असते, तीन सामान्य फॅन त्यात बसतात. ‘सीपीयू फॅन’ रिकामा ठेवलात तर सुरू होतानाच फॅन एररचा संदेश येतो आणि पीसी तिथेच अडतो. काही कूलरमध्ये पंपाला साटा पॉवर लागते, स्क्रीनवाल्यांना यूएसबी २.० चे नऊ पिनांचे हेडरही. आर्क्टिकसारख्या काहींत मात्र एकच वायर सगळं सांभाळते.

दिव्यांच्या वायरीत सावध राहा. एआरजीबी म्हणजे ५ व्होल्ट, तीन पिना. साधं आरजीबी म्हणजे १२ व्होल्ट, चार पिना. ५ व्होल्टचे दिवे १२ च्या हेडरवर लावले तर ते कायमचे जातात.

पहिली सुरुवात

पीसी सुरू करा आणि थेट बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पानावर) जा. पहिली एक-दोन मिनिटं हवा सरकताना गुळगुळ आवाज येईल. तो थांबला नाही तर पीसी चालू असताना कॅबिनेट हलकेच थोडं मागे-पुढे कलतं करा.

एमएसआयच्या बोर्डावर पहिल्याच वेळी कूलर कोणता ते विचारलं जातं. लिक्विड कूलर लावलाय म्हणून तुम्ही ‘वॉटर कूलर’ निवडता, आणि विजेची मर्यादा ४०९६ वॉट होते. म्हणजे मर्यादाच उडते! १४७००के मग हाती लागेल तेवढी वीज ओढतो आणि लोक कूलरला नावं ठेवतात. इंटेलची मूळ मर्यादा, २५३ वॉट, हाताने घाला किंवा इंटेल डीफॉल्ट सेटिंग निवडा. २०२४ मध्ये १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचं उघड झालं आणि त्यावरची दुरुस्ती बायोस अपडेटमधूनच आली. तेव्हा हा कूलर बसवण्याच्या निमित्ताने बायोसही ताजं करून घ्या.

पंप कायम पूर्ण वेगाने ठेवा, आवाज खटकला तर थोडा उतरवा, पण प्रोसेसरच्या तापमानावर नाचवू नका. फॅनच्या बाबतीत एक गंमत आहे: प्रोसेसर क्षणात २० अंश उडी मारतो, लिक्विड मात्र सावकाश तापतं. ब्राउझर उघडला तरी फॅन घुर्र करून उठतात ते यामुळे. बायोसच्या फॅन सेटिंगमध्ये वेग वाढायला काही सेकंदांचा उशीर घाला. कूलरमध्ये लिक्विडचा तापमान सेन्सर असेल तर फॅन त्याला बांधा, फार शांत चालतात.

चाचणी आणि निदान

तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो६४ उघडून पंपाचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, बघा. तो शून्य असेल तर पुढे जाऊ नका. मग प्रोसेसरला पूर्ण भार देणाऱ्या सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची चाचणी लावा. खोलीचं तापमानही टिपून ठेवा, त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. जानेवारीतले ८० अंश मे महिन्यात सहज ९० च्या पुढे जातात. २५३ वॉटवर ८५ ते ९५ दिसलं तर दचकू नका. रायझन ९ ७९५०एक्स तर पूर्ण भारात ९५ अंशांवर चालावा अशाच बेताने बनवलेला आहे.

बिघाड ओळखायचा तो आकड्याच्या चालीवरून. भार देताच चार-पाच सेकंदांत १०० गाठले आणि रेडिएटर हाताला गारच लागतोय, तर उष्णता लिक्विडपर्यंत पोहोचतच नाही: फिल्म, चुकीचे खांब, अर्धवट घट्ट स्क्रू किंवा बंद पंप. सुरुवातीला ठीक आणि मग १५-२० मिनिटांत हळूहळू चढत गेलं, तर लिक्विड तापतंय पण उष्णता बाहेर पडत नाही: उलटा फॅन, धुळीने भरलेली जाळी, छताला टेकलेलं कपाट. बाजूची काच काढून पुन्हा मोजा. आकडा झटकन उतरला तर दोष कॅबिनेटच्या हवेचा, कूलरचा नाही.

कस्टम लूप

सुटे भाग घेऊन लूप बांधणं हा छंद आहे आणि खर्चिक आहे. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकत्र करू नका, दोन धातूंत विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजतं. कारखान्याच्या एआयओत तीच जोडी असते, पण त्यातल्या लिक्विडमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात. बोअरचं पाणी, बिसलेरी, आरओ यांपैकी काहीही चालत नाही, शुद्ध डिस्टिल्ड पाण्यात बायोसाइड (जंतू-शेवाळ रोखणारं द्रव्य) आणि गंजरोधक किंवा तयार कूलंट घ्या. भरण्याआधी हवेचा दाब देऊन गळती तपासा. पहिल्यांदा भरताना फक्त पंपाला वीज द्या, बाकी पीसी बंद. दर वर्षी लूप रिकामा करून धुवावा लागतो, हे आधीच मान्य असेल तरच यात पडा. मोठ्या यंत्रांना पर्याय नसतो: पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेतल्या परम ब्रह्म महासंगणकातही लिक्विड थेट प्रोसेसरच्या प्लेटपर्यंत नेलेलं आहे.

पुढची काही वर्षं

एआयओत पाणी भरायचं नसतं. जपायची ती पंखजाळी. शेजारी बांधकाम चालू असेल तर दर महिन्याला फिल्टर झटका, एरवी दोन-तीन महिन्यांनी. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरा आणि हवा वाऱ्याच्या उलट दिशेने मारा. कोकणातल्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमवर पांढरट बुरशीसारखा थर दिसू लागतो, तिथे पावसाळ्यानंतर एकदा टॉर्च मारून बघणं बरं.

चार-पाच वर्षांनी तेच काम करताना, त्याच ऋतूत, तापमान आठ-दहा अंशांनी वर दिसू लागलं तर आधी पेस्ट बदला. फरक पडला नाही आणि पंप खरखरत असेल तर त्याचे दिवस भरले. उघडून पाणी भरायच्या भानगडीत पडू नका, वॉरंटी असेल तर दावा करा. दावा करताना कंपनी सगळे ब्रॅकेट आणि स्क्रू परत मागू शकते, म्हणून उरलेलं सामान पिशवीसकट त्याच बॉक्समध्ये ठेवा.